दारावरची खानेसुमारी

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या मोसम नदीकाठच्या, यंत्रमागांच्या खडखडाटावर पोट भरणाऱ्या शहरात ८ एप्रिल २०२० रोजी कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले आणि अल्पावधीतच त्या शहराचे नाव साऱ्या राज्याच्या तोंडी झाले. दाट वस्ती हे त्याचे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यासारखे नव्हते.

हातात वही घेतलेली आशा कार्यकर्ती उंबऱ्याशी उभी राहून घरात माणसे किती, त्यांची वये काय, परगावाहून कोण आले, खोकला कोणाला, असे विचारू लागली, तेव्हा नागरिकत्वाच्या नोंदणीविरुद्धची निदर्शने नुकतीच अनुभवलेल्या मोहल्ल्यांना ती विचारपूस एखाद्या भलत्याच खानेसुमारीची नांदी वाटली, आणि कित्येक दारे उघडलीच नाहीत. त्यातच खाजगी दवाखाने बंद, सरकारी इस्पितळाची धास्ती. मग मधुमेहाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णाने जावे तरी कोठे?

पुढे दवाखाने उघडले, उर्दूतून आवाहने निघाली, मौलाना आणि मोहल्ल्यातलेच डॉक्टर मध्ये पडले, युनानी काढा घरोघर पोहोचला, आणि जूनपर्यंत साथ उतरणीला लागली. त्या काढ्याच्या अंगी विषाणूनाशक गुण होता असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही; मात्र तो ओळखीच्या हातून आला, ही गोष्ट साथीच्या शास्त्रात गौण मानू नये.

२०२२ च्या अखेरीस त्याच शहरात गोवर उसळला. गोवराचा एक रुग्ण असंरक्षित समाजात बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो, म्हणून सुमारे ९५ टक्के लोकसंख्या संरक्षित असल्यावाचून त्याला अटकाव होत नाही. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची, अशा दोन्ही मात्रा ज्यांना मिळाल्या नाहीत ती बालकेच त्याचे सरपण. सरकारला पुन्हा धर्मगुरूंचे दार ठोठावावे लागले. आग लागल्यावर विहीर खणण्याची ही आपली जुनीच रीत!

आता नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ कुंभमेळा येत आहे, आणि गर्दीबरोबर साथीचा धोकाही. रामकुंडावर देशभरातील भाषा बोलणारे यात्रेकरू उतरतील, आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून कोकणा व वारली मजूर कामाला येतील; त्या सर्वांना ध्वनिक्षेपकावरची प्रमाण मराठी पुरी पडणार नाही. आखाड्यात, पाड्यावर, मोहल्ल्यात ज्यांचा शब्द चालतो अशा माणसांची यादी जिल्हाधिकारी कचेरीने आजच तयार करावी, आणि साथ नसतानाही त्यांना वरचेवर बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.