खिळ्यावरचा दुपट्टा

बाभुळगावातल्या त्या गॅरेजमध्ये शिरायचं तर आधी गळ्यातला दुपट्टा काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा. ट्रॅक्टरचा मालक असो की चहा आणणारा पोरगा, मिस्त्रीचं पहिलं वाक्य ठरलेलं. "५४० आहे भाऊ, ५४०!"

ट्रॅक्टरच्या मागे निघालेला सहा दात्यांचा दांडा, म्हणजे पीटीओ, मिनिटाला ५४० फेरे घेतो. सेकंदाला ९. दांड्याची जाडी ३५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात ११ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं. सेकंदाला जवळजवळ एक मीटर दुपट्टा, आणि त्याच्यामागोमाग गळा.

वावरात सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली, वर ढग, आणि गॅरेजसमोर जुना महिंद्रा बी-२७५. इंजिन धडधडतं, पण हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, फिरत नाही. "इंजिनाले काही झालं नाई," मालक सांगतो, "मांगून ताकदच येत नाई."

बोल्ट निघाले, ९० नंबरचं काळं ऑइल डब्यात उतरलं. त्याचा गंधकासारखा उग्र वास एकदा कपड्यांत शिरला की दोन धुण्यांत जात नाही. मिस्त्रीने दांडा फडक्याने पुसला आणि दात्यावरून अंगठ्याचं नख ओढलं. नख मध्येच अडकलं. तिथे पायरी पडली होती.

"ग्रीस कधी मारलं होतं?"

मालक ढगांकडे पाहू लागला. ट्रॅक्टर बिचारा निर्दोष होता. हडंब्याकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस कोरडा पडला, झटके देऊ लागला, आणि मार बसला दात्यांना. मालकाला वेल्डिंग भरून, कानशीने घासून काम स्वस्तात उरकायचं होतं. मिस्त्री ऐकेना. वेल्डिंगने पोलादाचं पाणी उतरतं, दाते पुढच्या हंगामापर्यंतही टिकत नाहीत. नवा दांडा, बेरिंग, ऑइल सील आलं. जोडणी तासाभरात झाली.

हा दांडा ट्रॅक्टरला लावून १९१८मध्ये बाजारात आणला तो अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने. बी-२७५ त्याच घराण्यातला. महिंद्राशी त्या कंपनीची भागीदारी १९६३ची. पुढे मळणीयंत्रांत इतके हात गेले की १९८३मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कायदा दिल्लीत झाला. या ट्रॅक्टरचं दांडा झाकणारं पत्र्याचं कव्हर मात्र सीटमागे तारेने बांधलेलं होतं. ग्रीस मारायला आड येतं म्हणून मालकानेच ते काढलेलं. आणि ग्रीस तर कधी मारलंच नाही!

मिस्त्री यावर काही बोलला नाही. त्याने कव्हर ठोकून सरळ केलं, दांड्यावर बसवलं, खडूने खूण केली आणि काढून छन्नीने त्या जागी रुपयाएवढं भोक पाडलं. मग पुन्हा बोल्ट आवळले, इंजिन बंद असल्याची खात्री केली आणि शाफ्ट हाताने फिरवत क्रॉसची निपल बरोबर भोकाखाली आणली.

"घ्या भाऊ, मारा ग्रीस."