उभ्या व्हॅनची थरथर : दोष कोठे शोधावा ?

आमच्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांच्या दारात एखादी जुनी, वापरलेली विकत घेतलेली व्हॅन असतेच. बेळगावच्या रविवार पेठेतून उचललेला माल खानापूर, निपाणी, चिकोडीकडील किरकोळ दुकानदारांस पोचवावयाचा, तर अरुंद गल्लीत शिरणारी ही लहान गाडी सोयीची पडते. 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून निघालेल्या व 1988 पासून ‘ओम्नी’ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीचे उत्पादन 2019 साली थांबले; तथापि रस्त्यावरून ती अद्यापि नाहीशी झालेली नाही. अशा जुन्या गाडीविषयी एक तक्रार वारंवार कानी येते. धावताना गाडी ठीक, परंतु उभी केली की इंजिन अडखळते, सारे अंग थरथरते व चौकात गाडी बंद पडते. आम्ही काही यंत्रविद्येचे जाणकार नव्हे. परंतु ह्या एका दोषापायी आमच्या हातून एका प्रामाणिक माणसावर अन्याय होता होता राहिला, म्हणून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

पेडलवरून पाय काढल्यावर इंजिन जे मंदपणे फिरत राहते, त्यास गॅरेजवाले ‘आयडलिंग’ म्हणतात. ह्या व्हॅनचे इंजिन 796 घनसेंटीमीटरचे, तीन सिलिंडरांचे आहे. ते मिनिटास 900 फेरे घेत आहे असे धरले, तर प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांस एकदा, म्हणजे मिनिटास 450 वेळा, पेट्रोल पेटावयास हवे. तीनांपैकी एक सिलिंडर कामचुकार निघाला की एकतृतीयांश बळ गेले! चार सिलिंडरांच्या मोटारीत हीच खोट चौथ्या हिश्शाची असते. म्हणून आपली व्हॅन अधिक हादरते. वेग वाढला म्हणजे फिरत्या चाकाच्या जोराने ही उणीव झाकली जाते.

आयडलिंगच्या वेळी हवेचा पडदा जवळजवळ मिटलेला असतो. इंजिन हवा ओढू पाहते, वाट अरुंद. त्यामुळे आतील नळीत मोठी ओढ निर्माण होते. अशा वेळी एखाद्या रबरी नळीस किंवा कार्बोरेटरखालील गास्केटास केसाएवढी चीर असली, तरी तेथून शिरणारी चोरटी हवा एकंदर हवेच्या मानाने बरीच ठरते आणि मिश्रण पातळ होते. पेडल दाबताच मुख्य वाटेने पुष्कळ हवा येऊ लागते व त्या चिरेचा हिस्सा नगण्य होतो. ‘रेस दिली की सुधारते’ ही खूण म्हणूनच महत्त्वाची. मिस्त्री मंडळी ह्यास ‘इंजिन हवा घेते’ असे म्हणतात, आणि त्यांचे शब्द अगदी यथार्थ आहेत.

आता आमची हकीकत. 2011 साली आम्ही कार्बोरेटरची एक जुनी व्हॅन घेतली. महिन्याभरात ती उभ्याने थरथरू लागली. एका गॅरेजात दाखविली. त्यांनी आयडलिंगचा स्क्रू पिळून फेरे वाढविले, पेट्रोलाचा स्क्रू सैल केला आणि गाडी परत दिली. थरथर थांबली. आम्ही संतुष्ट झालो. परंतु पुढील दोन महिन्यांत पेट्रोलाचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका वाढला. अंतर तेच, माल तोच. तेव्हा संशय कोणावर जावा? चालकावर! गाडीतून पेट्रोल काढून विकतो, अशी कुजबुज पेढीवर सुरू झाली, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही तिला कान दिला. त्यास कामावरून दूर करण्याचे जवळजवळ ठरले होते.

रोजमेळ जुळत नसला तर आपण आधी बेरजा तपासतो, मग खतावणी, आणि सर्वांत शेवटी रोखपालाकडे पाहतो. गाडीच्या बाबतीत आम्ही नेमके उलटे केले होते. एका वृद्ध मिस्त्रींनी आमच्यादेखत पुढचे आसन उचलले (ह्या गाडीचे इंजिन आसनाखालीच असते) आणि इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी सांध्यावर पिचकारीने थोडे पाणी उडविले. क्षणभर इंजिनाचा आवाज बदलला. पाण्याने चीर बुजली होती! गास्केट फाटलेले होते. ते बदलून दोन्ही स्क्रू मूळ जागी आणताच थरथर गेली व खर्चही पूर्ववत झाला. स्क्रूने दोष गेला नव्हता, केवळ झाकला गेला होता. त्या झाकणाची किंमत पेट्रोलात चुकती होत होती आणि आळ मात्र चालकावर होता. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही.

दोष शोधण्याचा क्रम आम्ही त्या मिस्त्रींपासूनच शिकलो. प्रथम थरथर कशी आहे ते ऐकावे. ठराविक अंतराने ठोका चुकत असेल तर एखादा विशिष्ट सिलिंडर दोषी असण्याचा संभव. आवाज लाटेप्रमाणे चढत-उतरत असेल तर हवा-पेट्रोलाचे प्रमाण बिघडलेले. इंजिनाचा ठोका एकसारखा असूनही गाडी हादरत असेल तर इंजिनाखालील रबरी फाउंडेशन पाहावे. ते फाटले असता इंजिनात लाख दुरुस्त्या केल्या तरी व्यर्थ.

ठोका चुकत असल्यास कार्बोरेटरच्या गाडीत मिस्त्री रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची टोपी काढून पाहतो. टोपी काढल्यावर फेरे घसरले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. हे काम आपण स्वतः करू नये, झटका जबर बसतो. आणि इंजेक्शनच्या गाडीत ही रीत मुळीच वापरू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धीकरणाच्या डब्यात जाऊन तो निकामी होतो. तेथे इंजेक्टरची जोडणी काढून परीक्षा करतात.

मग दोषी सिलिंडरचा प्लग काढून त्याचे तोंड वाचावे. कोरडी काजळी असल्यास पेट्रोल अधिक. पांढरटपणा असल्यास पेट्रोल कमी. तेलकट असल्यास रिंगा अथवा व्हॉल्व्हची सीले झिजलेली. पेट्रोलाने ओला असल्यास ठिणगीच पडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हा शेवटचा प्रकार फार. अंधारात आसन उचलून पाहिले तर तडकलेल्या प्लगवायरीवरून निळसर ठिणग्या उड्या मारताना दिसतात, त्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत.

प्लग व वायरी नव्या घालूनही सिलिंडर सुधारला नाही तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकाच सिलिंडरचा दाब कमी भरला तर मिस्त्री त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हवर आमचा संशय आधी जातो. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्ह आत सरकतो, टॅपेटची फट नाहीशी होते आणि तो पुरता मिटत नाही. फट वेळीच तपासली तर थोडक्यात भागते; दुर्लक्ष केले तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उघडण्याची पाळी येते.

इंजेक्शनच्या गाडीत फेरे सांभाळण्याचे काम संगणकाकडे असते. तेथे हवेच्या पडद्यावर साचलेला कार्बन साफ करणे हाच पुष्कळदा निम्मा उपाय ठरतो. पडदा स्वच्छ असूनही इंजिन अडखळत असेल तर यंत्र लावून दोषांकन वाचून घ्यावे. पेट्रोलात हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण काहीसे पातळ होते व जुने रबर लवकर खराब होते, म्हणून नळ्या अधूनमधून हाताने वाकवून पाहाव्यात. ही सर्व तपासणी मात्र उघड्यावर करावी. बंद गोदामात इंजिन चालू ठेवणे प्राणावर बेतू शकते. त्या धुरातील विषारी वायूस वास नसतो.

जुनी गाडी विकत घेण्यास जाल तेव्हा सकाळी, मालकाने इंजिन सुरू करण्यापूर्वी पोचावे. आसन उचलून इंजिनावर हात ठेवावा. ते आधीच गरम लागले तर संध्याकाळी पुन्हा यावे, आणि तेव्हाही गरम लागले तर दुसरी गाडी पाहावी. थंड इंजिन सुरू करवून पाच मिनिटे पेडलला पाय न लावता ऐकत राहावे. फेरे अकारण चढे वाटले तर आयडलिंगचा स्क्रू आपल्यासमोर मूळ जागी आणावयास सांगावा, आणि मगच भावाची गोष्ट काढावी.