गुदाशयाच्या तळाची गाठ: ग्रंथी कुठवर काढायच्या?

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. कॅन्सरची गाठ गुदद्वारापासून ५ सेंटिमीटरच्या आत असली की शस्त्रक्रिया कठीण होते. कटिराचे हाड तिथे अरुंद होत जाते, पुढे पुरुषांत प्रोस्टेट आणि स्त्रियांत योनिमार्ग अगदी लागून असतो, खाली शौचावर ताबा ठेवणारे स्नायू असतात. हात फिरवायलाही जागा नसते.

नुसती गाठ काढून भागत नाही. गुदाशयाभोवती चरबीचा एक जाड थर असतो आणि गाठीतून निसटलेल्या पेशी आधी त्यातल्या लसिका ग्रंथींत अडकतात. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवले, की हा थर त्याच्या पातळ आवरणासकट, कुठेही न फाडता बाहेर काढला तर कॅन्सर त्याच जागी परतण्याचे प्रमाण खूप घटते. आवरणाबाहेर जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे विरळ तंतू असतात. सर्जन तेवढेच कापत खाली उतरतो. लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसा याच थराला खेटून जातात, म्हणून इथली घाई रुग्णाला आयुष्यभर महागात पडू शकते.

पण तळाच्या गाठीला दुसरी वाटही मोकळी असते. पेशी बाजूला सरकून कटिराच्या भिंतीलगतच्या, मोठ्या रक्तवाहिन्यांशेजारच्या ग्रंथींत जाऊ शकतात. या ग्रंथी त्या आवरणाच्या बाहेर पडतात. जपानी सर्जन त्याही काढत आले. युरोप-अमेरिकेत आधी रेडिएशन आणि केमो देण्यावर भर राहिला. जपानमधल्या ७०१ रुग्णांच्या चाचणीत या बाजूच्या ग्रंथी स्कॅनवर वाढलेल्या नव्हत्या आणि आधी रेडिएशनही दिलेले नव्हते. त्या काढल्यावर कॅन्सर स्थानिक पातळीवर ७.४ टक्के रुग्णांत परतला, न काढता १२.६ टक्क्यांत. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही, आणि शस्त्रक्रियेचा मध्यक वेळ २५४ मिनिटांवरून ३६० वर गेला. त्यामुळे सरसकट सगळ्यांच्या ग्रंथी काढणे मला पटत नाही.

निवड एमआरआयवर ठरावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासात उपचारांपूर्वी बाजूची ग्रंथी ७ मिलिमीटर किंवा मोठी असलेल्यांत, केमो-रेडिएशन देऊन फक्त गुदाशय आणि त्याभोवतीचा थर काढल्यावर ५ वर्षांत १९.५ टक्के रुग्णांना त्याच बाजूला कॅन्सर परतला. ग्रंथीही काढल्यावर ५.७ टक्क्यांना. बाजूच्या ग्रंथीही काढायच्या का, हा प्रश्न अशा रुग्णाला डॉक्टरांना जरूर विचारता यावा.

काढलेला भाग मग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. कडेपासून कॅन्सर १ मिलिमीटरहून दूर आहे का, हे तो पाहतो. साधारणतः किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा असते, मात्र आधी रेडिएशन झालेले असेल तर त्या कमी सापडतात. त्या अहवालावर पुढची केमो ठरते.

स्नायू वाचले तर आतडे खाली जोडतात आणि जोड भरेपर्यंत बहुधा काही महिने पोटावर पिशवी लावतात. स्नायूंतच कॅन्सर शिरला असेल तर पिशवी कायमची. तिची जागा शस्त्रक्रियेआधीच, रुग्णाला बसवून, उभे करून, वाकायला सांगून पोटावर खुणेने ठरवावी. निऱ्या खोचतात तिथे किंवा पट्ट्याच्या रेषेवर ती आली तर रोजचा त्रास होतो.