उपासना, उत्पादन आणि समाधान

ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बूर्गीबा यांनी १९६० साली आपल्या देशबांधवांना एक विलक्षण आवाहन केले. मागासलेपणाविरुद्धचा लढा हाही जिहादच होय. तेव्हा रणांगणावरील सैनिकाला रमजानच्या उपवासातून जी सूट मिळते, तीच विकासासाठी राबणाऱ्या कामगारालाही मिळावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. धर्मपंडितांना तो मानवला नाही आणि बहुसंख्य जनतेने रोजे चालूच ठेवले.

तथापि, बूर्गीबांची चिंता निराधार होती असे म्हणता येणार नाही. कांपांते आणि यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. साहजिकच रोजाचे तास ऋतू आणि अक्षांश यांप्रमाणे कमीअधिक होतात. हा फरक हाच मापदंड धरून त्यांनी दाखविले की, रोजाचे तास वाढले म्हणजे मुस्लिम देशांतील उत्पन्नवाढ मंदावते. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की, लोकांचे समाधान मात्र वाढते!

येथे अर्थशास्त्राचीच कसोटी लागते. उत्पादन हे साधन आणि मानवी समाधान हे साध्य, असे आम्ही वर्गात शिकवितो. मग माणूस समजूनउमजून चार पैसे सोडून संयम आणि मनःशांती जोडीत असेल, तर त्याला निव्वळ तोटा कसे म्हणावे? शिवाय इस्लामची शिकवण संसार सोडण्याची नाही. कुराणातील जुमा या अध्यायात शुक्रवारच्या नमाजाची हाक येताच व्यापार थांबविण्याचा आदेश आहे, तसाच नमाज आटोपल्यावर पुन्हा उपजीविकेच्या शोधाला लागण्याचाही आहे.

मात्र एक भेद विसरता कामा नये. पगारदाराचा रोजा आणि मजुराचा रोजा सारखा नसतो. संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये कायद्यानेच रोजचे काम दोन तासांनी कमी होते. उलट आपल्या मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर कापडाच्या मापाने मजुरी घेणाऱ्याला थांबलेल्या प्रत्येक तासाची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. समाधानाचा निष्कर्ष सरासरीचा आहे, आणि सरासरीत हा कामगार दिसत नाही. श्रद्धा आणि श्रम यांचा मेळ व्यक्तीने आपल्या विवेकाने घालावा हे खरेच. पण तो घालण्याची सवड ज्याला परवडत नाही, त्याच्या वेतनाचा विचार समाजाने करावयास हवा.