मीठ, ऊन आणि लाल शेवाळ

तामिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस हे लाल समुद्रशेवाळ वाढवतात. आइस्क्रीमला दाटपणा देणारं कॅराजीनन त्यातून मिळतं. या शेवाळाला हजारात सुमारे ३० ते ३५ भाग क्षार असलेलं पाणी मानवतं. पावसाने खारटपणा उतरला, की फांद्या पांढऱ्या पडून गळू लागतात आणि शेतकऱ्याच्या हातचं पीक जातं.

खारटपणा वाढला तर? अनेक लाल शेवाळांच्या पेशी फ्लोरिडोसाइड हा साखरेसारखा लहान रेणू साठवून आतलं पाणी धरून ठेवतात.

प्रकाशाची किमया तर विलक्षण. लाली देणारं फायकोएरिथ्रिन हिरवा प्रकाश टिपतं; अंधुक पाण्यात ते वाढतं आणि शेवाळ गडद होतं, तर कडक उन्हात फिकटतं. सुशीभोवतीची नोरीही लाल शेवाळच. अतिनील किरण शोषणारी मायकोस्पोरिन गटातली संयुगं ती स्वतःच बनवते.