ओझर्डे धबधबा
ओझर्डे धबधबा हा महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनानगरपासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर नवजा गावाजवळ असलेला धबधबा आहे. तो कोयना वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात येतो. १९८५ साली घोषित झालेले हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

ऋतुमानानुसार बदल

नवजा हे राज्यातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांपैकी एक असून तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणे नवलाचे नाही. मात्र त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. आइसलँडसारख्या शीत प्रदेशात डोंगरावरील हिमनद्या पाण्याचा साठा करून ठेवतात. सह्याद्रीत बर्फ नाही. येथे ते काम काही अंशी माथ्यावरचा सच्छिद्र जांभा दगड आणि दाट अरण्याची माती करते. त्यांत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येते. त्यामुळे पाऊस थांबताच ओढा एकदम आटत नाही. पण हिवाळा सरू लागला की धार बारीक होत जाते. जेथे जंगल तुटते, तेथे हा अवधीही घटतो.

पावसाळ्यात धुके व तुषार यांमुळे अनेकदा धबधब्यामागचा कडा नीट दिसत नाही. तो पाहायचा तर हिवाळाच बरा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून हे डोंगर बनले. त्यांतील कठीण थर उभे राहतात, मऊ थर झिजतात आणि कड्याला पायऱ्यांसारखे टप्पे पडतात.

पाण्याचा प्रवास

हा परिसर कोयना धरणाच्या पाणलोटात आहे. कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून कराडला कृष्णेस मिळते; म्हणजे येथील पाण्याची नैसर्गिक वाट बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु शिवसागर जलाशयातील पुष्कळसे पाणी डोंगराखालील बोगद्यांतून पश्चिमेकडील खोल दरीत सोडले जाते. त्यावर वीज निर्माण होऊन ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प उभा आहे तो मुख्यतः सह्याद्रीच्या या उतारावर.

भेट

कराड–चिपळूण मार्गावरून पाटणमार्गे कोयनानगरला पोहोचता येते. कोकणातून कुंभार्ली घाट चढून यावे लागते. कोयनानगरचे नेहरू उद्यान आणि धबधबा एका दिवसात पाहून होतात. उद्यानातून दिसणारी धरणाची भिंत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपातही उभी राहिली. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगर वसाहतीची मोठी हानी झाली.

पावसाळ्यात शेवाळलेले खडक, जळवा आणि वर पडलेल्या पावसाने खाली अचानक वाढणारे पाणी यांचा धोका असतो. हिवाळ्यात तो पुष्कळ कमी होतो. तरीही अरण्यात गवा व अस्वल यांचा वावर असल्याने माहितगार स्थानिक वाटाड्यासोबत, ठरलेल्या वाटेनेच जाणे इष्ट. सोबतीला असा जाणता माणूस असला तर उंच फांद्यांवरचे शेकरू नजरेतून निसटत नाही. डोंगराआड सूर्य लवकर जात असल्याने परतीस दुपारनंतर फार उशीर करू नये.