लाकूड किती आलं आणि किती रुपयांचं आलं

आपल्या पनवेलजवळ न्हावा-शेवा बंदर आहे. ते १९८९ साली सुरू झालं. तिथे बोटीतून परदेशी सागाचे ओंडके उतरतात आणि ट्रेलरमधून वखारीत जातात. माझे बाबा सुतार आहेत. ते वखारीतून घनफुटाच्या भावाने लाकूड आणतात. भाव वाढला की गिऱ्हाईक म्हणतं, सुतारानेच वाढवला. ते खरं नाही. भाव कुठे वाढतो ते मी सांगते.

परदेशातून माल विकत आणणे म्हणजे आयात. रुंद पानांच्या झाडांचं ते कठीण लाकूड आणि सुईसारख्या पानांच्या झाडांचं ते मऊ लाकूड, असं व्यापारात धरतात. साग रुंद पानांचा. त्याचं कोवळं पान चुरगळलं की हात लाल होतो. देवदार सुईच्या पानांचा. गंमत म्हणजे आपली सावर एवढी मऊ, तरी तीसुद्धा कठीण लाकडातच मोजतात!

आमच्या बाईंनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक भारताची, एक चीनची. कोणत्या साली किती पैशांचं लाकूड आणलं, ते त्या रेघा दाखवतात. चीनची रेघ खूप वर आहे. १९९८ साली तिकडे यांगत्से नदीला मोठा पूर आला. डोंगरावरची झाडं तोडल्याने पूर वाढला असं ठरलं, मग सरकारने जंगलतोड बंद केली. पण कारखान्यांना लाकूड हवंच होतं, ते बाहेरून आणू लागले. त्यातल्या पुष्कळ लाकडाच्या खुर्च्या-टेबलं होऊन अमेरिकेला जातात. म्हणजे एवढं सगळं लाकूड चिनी लोकांच्या घरात आहे असं समजू नका. आपल्याकडेही १९९६ साली सुप्रीम कोर्टाने जंगलतोडीवर कडक बंधनं घातली. आपली झाडं वाचली हे चांगलं झालं, पण मग दुसऱ्यांची तुटली, हे मला आवडलं नाही.

आता हिशेब करा. समजा एक ओंडका ५०० डॉलरचा आहे. १९९१ च्या सुरुवातीला एक डॉलर साधारण १८ रुपयांना मिळायचा, म्हणजे ओंडका ९,००० रुपयांना. २०१४ साली डॉलर साधारण ६० रुपये झाला. तोच ओंडका ३०,००० रुपयांना! लाकूड एक बोटभरसुद्धा वाढलं नाही, रेघ मात्र चढली. म्हणून दोन देशांची तुलना करताना दोघांचे पैसे डॉलरमध्येच धरायचे आणि शेजारी किती घनमीटर लाकूड आलं तेही लिहायचं.

लाकडाची जातही बघावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून ब्रह्मदेशाने ओंडके बाहेर विकणं बंद केलं. त्याआधी तिथल्या सागाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच होतो. आता इक्वेडोर, पनामा, घाना, टांझानिया इथून लागवडीचा साग येतो. ती झाडं लहान वयात तोडतात. खोड बारीक आणि कडेचा पांढरा भाग जास्त. त्या पांढऱ्याला कीड लवकर लागते म्हणून बाबा तो काढून टाकतात. दहा घनफूट आणलं तरी दहा घनफुटाचं दार होत नाही, आणि गिऱ्हाईक भांडतं ते इथेच.

साग मूळचा आपल्याकडचा, ब्रह्मदेशातला, थायलंडचा आणि लाओसचा. इक्वेडोरमध्ये तो माणसांनी नेऊन लावला. नकाशात बघा, किती लांब आहे ते!

— इयत्ता चौथी